शेऱ्याचा रकाना

नवतपाच्या चौथ्या दिवशी
सदतीस नंबरचं यंत्र खोटं बोलायला लागलं.

पाचपावलीतली बाकीची सगळी
दुपारी दोनला सत्तेचाळीसच्या घरात,
हे एकटंच एकोणचाळीसवर,
जणू त्याच्या गल्लीत कुणी
श्रावण आणून बांधून ठेवलाय.

मिहानमधल्या आमच्या खोलीत एसी बाविसावर.
खांद्यावर शाल ओढत निखत म्हणाली,
उडव तो आकडा, नकाशा बिघडतोय.
नकाशा म्हणजे शहराचा ताप:
लाल, गडद लाल,
आणि रंग संपतात तिथे काळा.
त्यावरून ठरतं, कुणाच्या मोबाइलवर
किती वाजता कोणता इशारा जाईल.

मी आकडा उडवला नाही.
कर्तव्य वगैरे नव्हतं,
त्या थंडीतून जरा बाहेर पडायचं होतं.

तोंडाला दुपट्टा,
आईच्या धाकानं खिशात कांदा,
कमाल चौकातून आत, मग विचारत विचारत.
आमच्याकडे पत्ता अक्षांश-रेखांशात होता,
गल्लीत तो कुणाला ठाऊक नव्हता.
"यमूबाई नंदनवारचं टिनाचं घर म्हणा ना भाऊ,
कायले आकडे सांगून राह्यले?"

शिडीवरून वर गेलो.
पत्रा असा की चपलेचा तळ चिकटला.
यंत्रावर, नीट घडी घालून,
ओलं फडकं.
जुन्या लुगड्याचा तुकडा, काठासकट.
थेंब पडत होते, पडताच उडत होते.

खालून आवाज आला:
"मीच टाकतो. घंट्याघंट्यानं भिजवतो.
लेकराएवढं तं आहे ते,
दिवसभर उन्हात उभं,
अन् मुकाट्यानं लुकलुकते.
जीव नाही त्यात, मालूम आहे मले.
पण तापते तं खरं ना?"

मी समजावलं, बाई, तापणं हेच त्याचं काम.
ते तापलं की आम्हाला कळतं,
आम्हाला कळलं की तुम्हाला मेसेज येतो.
तिनं मोबाइल पुढे केला.
आमचेच शब्द, शुद्धलेखन मीच तपासलेलं:
"दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये."

"अन् घरात?"
ती म्हणाली.

घरात गेलो.
कूलर होता, टाकी कोरडी.
नळ एक दिवसाआड.
जे काही पाणी होतं
ते वर, लुगड्याच्या तुकड्यात.
हातातलं मापक काढलं. एकोणपन्नास.
बाहेरच्यापेक्षा दोन अंश जास्त.
आणि ती आमचा मेसेज मोडून
दाराबाहेर बसली होती,
भिंतीच्या हातभर सावलीत,
जिथे बसायला हवं तिथेच.

इशाऱ्याची ओळ बदलायला
तीन बैठका लागल्या, एक सही,
तोवर नवतपा संपून गेला.
आता पाचपावलीत असं जातं:
"टिनाच्या घरात थांबू नका.
समाजभवन उघडं आहे. पाणी आहे, पंखे आहेत."
समाजभवनाची किल्ली कुणाकडे असते
ते अजून आमच्या प्रणालीत नाही.
ते यमूबाईला माहीत आहे.

आमचा सर्व्हर गार राहावा म्हणून
कोराडीत किती कोळसा जळतो,
त्याची राख कुणाच्या वाळवणावर बसते,
हा हिशेबही मी एकदा मांडायला घेतला होता.
निखतनं मान हलवली. म्हणाली, मांड.
फाइल अजून अर्धीच आहे.

सदतीस नंबर आता उघडा उभा असतो, खरं बोलतो.
ती फडकं स्वतःच्या डोक्यावर घेते,
असं फोनवर म्हणते तरी.

त्या दुपारचे आकडे मात्र मी पुसले नाहीत.
त्यांच्यापुढचा शेऱ्याचा रकाना उघडला,
जो कुठलंच मॉडेल वाचत नाही,
आणि लिहिलं:
यंत्र ठीक आहे.
आकडे खोटे नाहीत.
त्या ओल्या लुगड्याखाली, पाचपावलीत,
खरोखरच एकोणचाळीस होतं.